तीन पत्ती येणाऱ्यांसाठी टेक्सास होल्डेम

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात ५२ पत्त्यांचा जोड वापरतात. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात, टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडले जातात आणि या सातांतून ज्याचे पाच सर्वांत सरस ठरतात, तो पॉट, म्हणजे डावात जमलेली सगळी रक्कम, घेतो.

तीन पत्ती खेळणारा हमखास फसतो तो कलरपाशी. तेथे सिक्वेन्स कलरला मारतो; येथे मात्र एकाच रंगाचे पाच पत्ते, म्हणजे फ्लश, हे ओळीने येणाऱ्या पाच पत्त्यांच्या, म्हणजे स्ट्रेटच्या वर असतात, कारण पाच पत्त्यांच्या २५,९८,९६० संभाव्य हातांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश केवळ ५,१०८ आहेत. फ्लशच्या वर क्रमाने फुल हाउस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी), एकाच किमतीचे चार पत्ते आणि एकाच रंगाची ओळ. स्ट्रेटच्या खाली तीन सारखे पत्ते, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी नुसता मोठा पत्ता. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांत मोठे-लहान नाही. बरोबरी झाल्यास पॉट वाटून घेतात.

क्रम पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते. खरा खेळ पैसे लावण्यात आहे. समजा, सहा जण बसले आहेत. बूट सर्वांनी भरायचा नसून, डीलरच्या बटणाच्या (वाटणारा कोण हे दाखवणाऱ्या चकतीच्या) डावीकडचे दोघेच पत्ते पाहण्यापूर्वी अनुक्रमे १० आणि २० भरतात. तिसरा २० लावून कॉल करतो, म्हणजे तेवढीच रक्कम भरतो, चौथा ६० पर्यंत रेज करतो, म्हणजे रक्कम वाढवतो, पाचवा, बटणावरचा आणि १० भरलेला असे तिघे पत्ते टाकून डाव सोडतात, तर दुसरा व तिसरा प्रत्येकी ४० ची भर घालतात. खेळात उरलेल्या सर्वांची रक्कम समान झाली की फेरी संपते. पॉट १९० झाला. आता तीन पत्ते उघडतात, पुढे एक आणि मग आणखी एक, आणि प्रत्येक वेळी बटणाच्या डावीकडच्या उरलेल्या पहिल्या खेळाडूपासून नवी फेरी सुरू होते. कोणी काही लावलेले नसेल, तर फुकट चेक करता येते, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देता येते. कोणी १०० लावले, तर त्यावरचा रेज किमान २०० पर्यंतचा हवा. रक्कम आधी तोंडाने सांगावी किंवा चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) एकदाच पुढे सरकवाव्यात. हप्त्याहप्त्याने ठेवलेला रेज धरत नाहीत.

ज्याच्याकडील चिप्स संपतात, तो ऑल-इन होतो आणि प्रत्येकाकडून स्वतः लावली तेवढ्याच रकमेवर त्याचा हक्क राहतो. त्यावरची रक्कम बाकीच्यांच्या वेगळ्या पॉटमध्ये जाते.