भाग चार पाठ करण्याआधी रकाने पाडा

राज्यसेवेचा अभ्यास नव्याने सुरू करणारे बरेच जण राज्यघटनेच्या भाग चारमधली राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे कलम ३६ ते ५१, पाढ्यासारखी पाठ करतात आणि आठवडाभरात ४३ न् ४७ची सरमिसळ होते. त्यापेक्षा कोऱ्या कागदावर घटनादुरुस्त्यांचे रकाने पाडा. एकात मूळ कलमे. ४२वी (१९७६): ३९क, ४३क, ४८क आणि नागरिकांच्या दहा मूलभूत कर्तव्यांचे ५१क (भाग चार-क). ४४वी (१९७८): ३८(२). ९७वी (२०११): सहकारी संस्थांचे ४३ख.

८६व्या दुरुस्तीला (२००२) स्वतंत्र कागद द्या, कारण तिने तीन भागांत बदल केले. २१कमध्ये ६ ते १४ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क आला. कलम ४५मधला चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा जुना मजकूर जाऊन सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण आले. शिवाय ५१कमध्ये पालकांवर मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे कर्तव्य. जुन्या नोट्स वापरणारे नेमके कलम ४५वर गुण घालवतात. ही दुरुस्ती अमलात आली १ एप्रिल २०१० रोजी, म्हणून दोन्ही वर्षे लिहून ठेवा.

अक्षरांचा घोळ वेळीच मिटवा. पुस्तकांतले ५१अ आणि अधिकृत मराठी प्रतीतले ५१क एकच. पालकांचे कर्तव्य इंग्रजीत ‘के’ खंडात आहे, मराठीत ‘ट’ खंडात.

कलम ३७ अर्धे वाचू नका. न्यायालयामार्फत अंमलबजावणी नाही हे खरे, पण तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हेही तिथेच लिहिले आहे. विधानांच्या प्रश्नांत हाच उरलेला अर्धा भाग येतो. इथले ‘राज्य’ कलम १२मधले आहे, म्हणजे संसद, विधिमंडळ आणि ग्रामपंचायतही.

मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यांच्या नात्यावरचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल कालक्रमाने वाचा: चंपकम दोराईराजन (१९५१), केशवानंद भारती (१९७३), मिनर्व्हा मिल्स (१९८०). मग ३९(ख)वर, म्हणजे समाजाच्या भौतिक साधनसामग्रीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे या तत्त्वावर, पुरेसा वेळ द्या. मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठीच्या म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यातील तरतुदींवरून निघालेला वाद नऊ न्यायाधीशांपुढे गेला. प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसामग्री’ ठरत नाही, असे बहुमताने नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितले. तत्त्वांना न्यायालयात किंमत नाही असे वाटत असेल, तर हे प्रकरण वाचाच.

कर्तव्यांच्या यादीत मतदान नाही, कर भरणेही नाही. कर्तव्यांची शिफारस करणाऱ्या स्वर्णसिंग समितीने कर भरण्याचे कर्तव्य सुचवले होते, ते घेतले गेले नाही. शेवटी पर्यावरणाविषयीची ४८क आणि ५१क(छ) शेजारी ठेवून वाचा. पहिले राज्याला उद्देशून, दुसरे नागरिकाला. वने आणि वन्यजीव दोन्हीकडे आहेत. सरोवरे, नद्या आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी फक्त कर्तव्यात.