जंप स्टार्टर घेताय? सोलापूरच्या उन्हात या चुका टाळा

जंप स्टार्टर म्हणजे गाडीची बॅटरी उतरली की चिमटे लावून सेल्फ मारण्यापुरता करंट देणारा डबा. त्याचा सौदा बहुतेक वेळा डबीवरच्या आकड्यावर होतो. हजार अँपियर, दोन हजार अँपियर, वीस हजार एमएएच (मिलिअँपियर-तास, म्हणजे आतला साठा). आकडा मोठा दिसला की माल चांगला, असं धरून माणूस पैसे मोजतो. पण थंड देशांत गाडीच्या बॅटरीला गारठा छळतो, आपल्याकडे ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की बॉनेटखालची बॅटरी झिजतेच, शिवाय तिच्यासाठी घेऊन ठेवलेला जंप स्टार्टरही डिकीत पडल्या पडल्या खराब होतो. म्हणून सोलापूरच्या गिऱ्हाइकाने आधी उष्णतेचा विचार करावा, मग अँपियरचा.

पीक अँपियर पाहून घेणं

डबीवर ठळक छापलेला आकडा ‘पीक’ करंटचा असतो, म्हणजे क्षणभर मिळणारा. तो कसा मोजायचा याचा सगळ्या कंपन्यांना बांधणारा एकच नियम नाही. कामाचा आकडा ‘स्टार्टिंग’ किंवा ‘क्रँकिंग’ करंटचा. तो माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो आणि पीकच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी भरतो. हा आकडा कुठेच दिला नसेल तर ती वस्तू सोडून द्यावी.

एमएएचचाही असाच घोळ आहे. २०,००० एमएएच हा आकडा एका सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. म्हणजे एकूण ऊर्जा ७४ वॉट-तास. आत प्रत्यक्षात ५,००० एमएएचचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. गाडीला सेल्फ मारायला लागतं किती? २५० अँपियर, १० व्होल्ट, ३ सेकंद असा हिशेब केला तर जेमतेम २ वॉट-तास. साठा भरपूर आहे, प्रश्न तो किती झपाट्याने बाहेर येतो याचा. ५ अँपियर-तासाच्या सेलमधून ३०० अँपियर काढायचे म्हणजे त्याच्या क्षमतेच्या साठ पट करंट. चांगला सेल तो देतो. हलक्या सेलचा व्होल्टेज कोसळतो आणि सेल्फ नुसता कण्हतो. छोट्याशा डबीवर २,००० लिहिलेलं असेल तर हाच हिशेब चारशे पटींवर जातो, तो आकडा गंभीरपणे घ्यायचं कारण नाही.

दुकानात करता येण्यासारख्या दोन तपासण्या आहेत. पहिली वजनाची. ७४ वॉट-तासांचे नुसते सेलच चारशे ग्रॅमच्या आसपास भरतात. सगळा डबा मिळून तीनशे ग्रॅम असेल तर २०,००० एमएएच आत मावलेलेच नाहीत. दुसरी वायरीची. चिमट्यांची वायर ८ गेजची किंवा त्याहून जाड हवी, आणि तांब्याची. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे लक्षात असू द्या. जाड रबराच्या आत बारीक तारा भरून फसवणूक होते, म्हणून चिमट्याजवळ जिथे तारा दाबलेल्या दिसतात तिथे पाहावं. तारा वरून तांबूस पण कापलेल्या टोकाला पांढुरक्या असतील तर आत अॅल्युमिनियम आहे. सेलवर किंवा डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असेल तर तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून बघता येतो.

साधारण अंदाज असा ठेवावा. स्कूटर-मोटरसायकलला कुठलाही बरा जंप स्टार्टर पुरतो, फक्त टर्मिनल जवळजवळ असल्याने चिमटे एकमेकांना टेकू देऊ नयेत. १०००-१२०० सीसीच्या पेट्रोल गाडीसाठी खरा स्टार्टिंग करंट २०० ते २५० अँपियर हवा. दीड ते सव्वादोन लिटरच्या डिझेल गाडीसाठी ४०० धरा.

डिकीत ठेवून विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बंद गाडी दुपारी उन्हात उभी असली की आतलं तापमान साठच्या वर जातं, डॅशबोर्ड तर त्याहून तापतो. बहुतेक लिथियम जंप स्टार्टरच्या पत्रकात साठवणुकीची मर्यादा ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान दिलेली असते. त्यातही पूर्ण चार्ज आणि कडक ऊन हे एकत्र आलं की सेल सर्वांत लवकर बिघडतात, फुगतात. चार महिने पार्किंगमध्ये तापलेला डबा जुलैत बाहेर काढला तर चार्ज दाखवणारे चारही दिवे लागतात, पण सेल्फ मारताच विझतात. दिवे व्होल्टेज दाखवतात, सेलमधली ताकद दाखवत नाहीत.

मार्च ते जून डबा घरात ठेवावा आणि लांब निघताना सोबत घ्यावा. गाडीतच ठेवायचा तर पुढच्या सीटखाली, जमिनीलगत. तिथे ठेवायला आणखी एक कारण आहे, जे अडकल्यावरच कळतं. हल्ली पुष्कळ गाड्यांची डिकी विजेच्या बटणाने उघडते. बॅटरी पूर्ण उतरली की डिकी उघडत नाही आणि तिला जागं करणारा डबा आतच राहतो. रिमोटमधली साधी चावी कुठे असते आणि ती ड्रायव्हरच्या दाराला कशी लागते, हेही आजच पाहून ठेवा.

साठवताना ६० ते ८० टक्के चार्ज असावा आणि दर तीन महिन्यांनी तपासून भरावा. डबा फुगलेला दिसला, कडा उचकटल्या, गोडसर रसायनाचा वास आला तर तो चार्ज करू नये. टोचू नये, भंगारवाल्याकडेही देऊ नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचेपर्यंत घराबाहेर, सावलीत, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवावा.

उन्हाळ्यातही डबा गाडीतच राहणार, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याने सुपर कपॅसिटरचा जंप स्टार्टर बघावा. त्यात लिथियम नसतं, उष्णता जास्त सोसते, आयुष्यही मोठं. गाडीच्या उतरलेल्या बॅटरीत जे थोडं उरलेलं असतं तेच ओढून तो काही मिनिटांत भरतो आणि एका झटक्यात परत देतो. तोटे दोन: महाग असतो, आणि बॅटरी अगदीच कोरडी ठणठणीत असेल तर आधी पॉवर बँकेवर किंवा दुसऱ्या गाडीवर भरून घ्यावा लागतो. मोबाइल चार्ज करायला तो उपयोगाचा नाही. तरी सोलापूरसारख्या गावाला तोच बरा, असं आमचं मत.

बॅटरीच गेली असं धरून चालणं

गाडी चालू होत नाही म्हणजे बॅटरी उतरली, असं दरवेळी नसतं. चिमटे लावण्याआधी हेडलाइट लावून सेल्फ मारा आणि बघा. लाइट मंद होऊन विझायला आले तर बॅटरी उतरली आहे. लाइट लख्ख राहिले आणि नुसता ‘टक’ आवाज आला तर संशय सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवर) किंवा टर्मिनलवर. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर इंधन, प्लग किंवा चावीच्या इमोबिलायझरकडे (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेकडे) बघा, तिथे जंप स्टार्टर काही करू शकत नाही. सेल्फला काहीच प्रतिसाद नाही आणि लाइट मात्र ठीक, तर क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये आहे का, ते आधी.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर निम्मी दुखणी तिथेच असतात. खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकून, जुन्या ब्रशने घासून, कोरडं करून पट्टा आवळला की कित्येकदा डबा काढावाच लागत नाही. सोड्याचं पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. आणि आत घालायचं पाणी डिस्टिल्डच. बोअरचं जड पाणी घातलं की प्लेटा लवकर खराब होतात.

दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर इथे कामी येतो. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे उतरलेली. चार्जरवर रात्रभर ठेवूनही ती १०.५ च्या पुढे सरकत नसेल तर सहापैकी एक खाना मेला आहे. असली बॅटरी जंप स्टार्टरने रोज ढकलत राहणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. ती बदला.

घाईत जोडणी

गाडीची चावी बंद, एसी, लाइट, टेप सगळं बंद. डब्यात निम्म्याहून जास्त चार्ज हवा. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या जाड लोखंडी भागाला. लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिच्यापासून जितकी लांब पडेल तितकं बरं. शिवाय नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असतो, तोही वाचतो. तुमच्या डब्याच्या पत्रकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. चिमट्यांचा प्लग डब्यात शेवटपर्यंत दाबून बसवा. अर्धवट बसलेला प्लग तापून वितळतो, ही नेहमीची तक्रार आहे.

हिरवा दिवा लागला की एक मिनिट थांबा. बॅटरी फार उतरलेली असेल तर दोन-तीन मिनिटं. डिझेल गाडीत कॉइलचा दिवा विझू द्या. मग सेल्फ तीन-चार सेकंद, त्याहून जास्त नाही. नाही पकडली तर निदान अर्धा मिनिट थांबा. तीनदा करून जमलं नाही तर चौथ्यांदा मारू नका, कारण दुसरीकडे आहे.

‘बूस्ट’ बटण हे वेगळं प्रकरण आहे. बॅटरी दोन-तीन व्होल्टच्या खाली गेली की चिमट्यांना ती जोडली आहे हेच कळत नाही आणि हिरवा दिवा लागत नाही. तेव्हा हे बटण दाबून जबरदस्तीने करंट सोडतात. पण ते दाबताच उलट जोडणी आणि शॉर्ट यांपासूनचं संरक्षण बंद होतं. प्लस-मायनस उलटं लागलेलं असेल तर थांबवणारं काही उरत नाही. दाबण्याआधी टर्मिनलवरची खूण पुसून, टॉर्च मारून पाहा. नुसत्या वायरीच्या रंगावर विसंबू नका, जुन्या गाड्यांत कोणीतरी दोन्ही वायरी काळ्याच टाकलेल्या असतात.

आणि एक: जुनी बॅटरी काढून ठेवून नुसत्या डब्यावर गाडी चालू करण्याची युक्ती काही जण सांगतात. तसं केलं आणि चिमटा सुटला की अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज उसळतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो. त्याची किंमत चार-पाच बॅटऱ्यांइतकी असू शकते.

ट्रॅक्टर आणि ट्रक

गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या यार्डात उसाचे ट्रॅक्टर रात्ररात्र उभे असतात, टेप आणि दिवे चालू. पहाटे नंबर लागला की सेल्फ घेत नाही. ट्रॅक्टरची सिस्टीम १२ व्होल्टचीच, पण सेल्फ दोन-अडीच किलोवॉटचा. म्हणजे फिरताना तीनशेच्या आसपास अँपियर, आणि पहिल्या झटक्याला त्याच्या दुप्पट. गाडीसाठी घेतलेली चपटी डबी इथे चालत नाही. ५०० ते ६०० स्टार्टिंग करंटचा डबा, किंवा गॅरेजवाले वापरतात तो आठ-दहा किलोचा लेड-अॅसिडचा पॅक. चिमट्यांच्या वायरी साधारण वीतभरच असतात. ट्रॅक्टरच्या दोन टर्मिनलमधलं अंतर आधी मोजून घ्या.

ट्रक, टिपर, बस बहुतेक २४ व्होल्टच्या, दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. त्यांना १२ व्होल्टचा डबा लावायचा नाही, १२/२४ असं स्पष्ट लिहिलेलाच हवा, आणि त्यावरचा स्विच लावण्याआधी बघायचा.

उजनीवरची होडी

उजनीच्या पाण्यावर हँडल मारून चालू होणाऱ्या डिझेल मशीनच्या होड्यांना यातलं काही लागत नाही. सेल्फवाल्या आउटबोर्ड मोटरला (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाला) लागतं, आणि तिथली पहिली चूक म्हणजे डबाच काढणं. आधी बघा, लाल दोरीचा किल-स्विच (दोरी सुटली की मोटर बंद करणारा) जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, बॅटरीचा मेन स्विच चालू आहे का. यांतलं एकही चुकलं तरी मोटर चालू होत नाही आणि दोष बॅटरीवर जातो.

दुसरी चूक जिवावरची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचते. टाकी आणि बॅटरी शेजारी असतील तर झाकणं उघडून पाच मिनिटं हवा खेळू द्या, वास पूर्ण गेल्याशिवाय चिमटा लावू नका. डबा तळातल्या पाण्यात नको, फळीवर ठेवा. आयपी ६५ म्हणजे पाण्याचे फवारे सोसणारा, बुडवलेला नव्हे, आणि तेही चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच बसवलेलं असेल तरच.

कुगाव-कळाशीसारख्या मार्गावर माणसं नेणाऱ्या होडीला मात्र जंप स्टार्टरवर भिस्त ठेवू नये. दुसरी बॅटरी आणि निवडीचा स्विच बसवावा. मधोमध मशीन बंद पडून वारा सुटला तर चिमटे जुळवत बसायला वेळ मिळत नाही.

चालू झाल्यावर

इंजिनने पकडलं की अर्ध्या मिनिटात आधी काळा, मग लाल चिमटा काढा. तापलेला डबा लगेच चार्जिंगला लावू नका, गार होऊ द्या. इंजिन बंद न करता बॅटरीवर मल्टिमीटर धरा. १३.८ ते १४.६ दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे. तरी जवळच्या पाकणी गावापर्यंत जाऊन आल्याने बॅटरी भरत नाही. निम्मी उतरलेली ४५ अँपियर-तासाची बॅटरी ५ अँपियरच्या चार्जरवरही पाच-सहा तास घेते, तेव्हा रात्री चार्जरला लावाच. मीटरवर १२.३ किंवा त्याखाली दिसत असेल आणि आकडा उतरत असेल, तर बॅटरी भरली जात नाही आणि गाडी उरलेल्या चार्जवर चालली आहे: एसी, टेप बंद ठेवून वाटेत कुठेही इंजिन बंद न करता थेट ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, आणि त्याला आधी बेल्ट बघायला सांगा.