मार्करची छापील बाजू पट्टीने मोजा

वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या आमच्या गणपती मंडळात मोबाइलमधून दिसणारा आभासी देखावा करायचा घाट घातला होता. आरुको मार्कर (काळ्या चौकटीत काळ्या-पांढऱ्या घरांची नक्षी असलेला चौकोन, ज्यावरून कॅमेरा जागा ओळखतो) छापून आणला, पण मखरावर बसवायची कमान मोबाइलच्या पडद्यावर मखराच्या मागे जाऊन बसे. दोन संध्याकाळी कोड तपासण्यात गेल्या. दोष निघाला प्रिंटमध्ये! प्रिंटरच्या 'फिट टू पेज'मुळे १०० मिमीचा चौकोन ९७ मिमीचा झाला होता.

कॅमेरा अंतर काढतो ते मार्करच्या आकारावरून. प्रोग्रामला १०० सांगितलं आणि कागदावर ९७ असेल, तर २ मीटरवरचा मार्कर सुमारे २.०६ मीटरवर दिसतो. म्हणून छपाई 'ॲक्च्युअल साइज'मध्ये करा आणि तरीही काळ्या चौकटीची बाहेरची बाजू पट्टीने मोजून तोच आकडा कोडमध्ये घाला.

भोवतीचा पांढरा काठ कापू नका. निदान नक्षीतल्या एका घराएवढा हवाच, नाहीतर मार्कर ओळखूच येत नाही. चकचकीत लॅमिनेशन टाळा, दिव्याची तिरीप पडली की घरं पुसली जातात. कागद सपाट पुठ्ठ्यावर चिकटवा, फुगा राहिला तर मार्करचा मोजलेला कोन चुकतो.

आणखी एक गंमत: अगदी समोरून पाहिलं की कोन थरथरतो, कारण थोडं डावीकडे वळलेलं आणि थोडं उजवीकडे वळलेलं कॅमेऱ्याला जवळपास सारखंच दिसतं. मार्कर जरा तिरपा लावा, नाहीतर एकाऐवजी चार मार्करचा फलक करा. आम्ही फलकच केला. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याच्या भिंगाची मापं काढून कोडला देणं) मात्र आधी उरका, आणि त्यानंतर झूमला हात लावू नका.