कॅन्सरचे नमुने आणि नोंदी बायोबँकेला पाठवताना या चुका टाळा

धाराशिव जिल्ह्यातल्या बायांनी जगाला काय दिलं, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नाही. १९९९ पासून तिथल्या गावांच्या ५२ गटांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर महिलांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केली, तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून पुढे आलं. कोण आजारी पडलं, कोण गेलं, याच्या नोंदी गावोगाव ठेवल्या म्हणून हे जमलं. आज आपल्याकडून गाठीचे तुकडे आणि माहिती बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी नमुने आणि नोंदी जपून ठेवणाऱ्या संस्थेत जाते, तिथे पुढचे अनेक अभ्यास तिच्यावरच उभे राहतात. म्हणून कळकळीने लिहितोय.

सगळ्यात जास्त नुकसान बाटलीत होतं. मागे एका तालुक्याच्या गावाहून स्तनाची गाठ आली. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली, गाठ सडू नये म्हणून घालायचं फॉर्मॅलिनचं द्रावण जेमतेम बुडण्यापुरतं. दोन दिवसांत गाठ इतकी कडक झाली की बाटली ब्लेडने कापावी लागली. वरून करडी, आणि मधोमध चिरली तर आत लालसर, लिबलिबीत. आतपर्यंत फॉर्मॅलिन पोचलंच नव्हतं. अशा गाठीवर ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारे घटक) आणि हर-टू (गाठ वाढवणारं प्रथिन) या तपासण्यांचा भरवसा धरता येत नाही, आणि बाईची औषधं तर त्यावरच ठरतात.

तेव्हा रुंद तोंडाचा डबा घ्या. गाठ निघाल्यापासून तासाभरात ती दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे, आणि द्रावण गाठीच्या निदान दहापट हवं. गाठ मोठी असेल तर सर्जन किंवा पॅथॉलॉजिस्टला सांगून तिला आधी चिरा द्या. सलाइनमध्ये ठेवून ‘संध्याकाळी बघू’ करू नका, मराठवाड्याच्या मे महिन्यात तर नाहीच. स्तनाच्या गाठीला फॉर्मॅलिनमध्ये कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास, त्यामुळे शनिवारचं ऑपरेशन असेल तर रविवारचा हिशोब आधीच करा. गाठ निघाल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची, दोन्ही वेळा फॉर्मवर लिहा.

नाव झाकणावर लिहू नका. झाकणं बदलतात. चिठ्ठी डब्याच्या अंगावर लावा.

उणे ८० अंशांच्या फ्रीजरला जनरेटर जोडलेला असला तरी लाइट गेल्यावर तो खरंच चालू होतो का, हे उन्हाळ्याआधी तपासा. नमुना वितळून पुन्हा गोठला तर त्यातला आरएनए, म्हणजे पेशीतला जनुकांचा निरोप वाहणारा रेणू, खराब होतो. असं झालंच तर लपवू नका, तारखेसकट नोंदवा.

आता फॉर्मकडे. ‘व्यसन आहे का?’ असं विचारलं की आपल्या बाया नाही म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. मिसरीला, म्हणजे दाताला लावायच्या भाजलेल्या तंबाखूला, त्या व्यसन मानतच नाहीत. ‘सकाळी दाताला काय लावता? किती वर्षांपासून?’ असं विचारा. वय माहीत नसेल तर अंदाजाने ५० लिहून मोकळे होऊ नका. ७२ च्या दुष्काळात लग्न झालं होतं का, किल्लारीच्या भूकंपात थोरलं पोर केवढं होतं, असं विचारत गेलं की वय बरंच नेमकं निघतं. जिल्ह्याचं नाव एका नोंदीत उस्मानाबाद आणि दुसरीत धाराशिव असलं, तर संगणकाला ते दोन जिल्हे वाटतात. माहेरच्या आणि सासरच्या नावाने एकाच बाईच्या दोन नोंदी होतात, तसंच हे. गर्भपिशवी काढलेली आहे का, हेही विचारा. बीडकडच्या ऊसतोड महिलांच्या बाबतीत तर हा प्रश्न सुटताच कामा नये.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावरचा अंगठा संशोधनासाठी चालत नाही. त्याची संमती वेगळी, पेशंटच्या भाषेत समजावून, आणि ‘नाही म्हटलं तरी उपचार तसेच होतील’ हे स्पष्ट सांगून घ्या. नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असंही नाही. छोटं गाव, वय आणि दुर्मीळ कॅन्सर एकत्र दिसले की गावातला कुणीही ओळखेल. म्हणून नमुन्यावर फक्त कोड टाका, कोडची वही कुलपात ठेवा, आणि रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच टाकू नका.

राहिला पाठपुरावा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या की पेशंट चार-सहा महिने सापडत नाही. त्याआधी दोन फोन नंबर घ्या, एक तिचा आणि एक मागे घरी राहणाऱ्या सासूचा किंवा भावाचा. मुकादमाचा घेऊ नका. त्याच्याकडून उचल घेतलेली असते, आणि तिचा आजार त्याला आपल्याकडून कळता कामा नये.