अमेरिकेतल्या राज्यांचे पहिले गव्हर्नर : नोंदी करताना या चुका टाळा

पीटर बर्नेट, कॅलिफोर्नियाचा पहिला गव्हर्नर. निवडणूक १३ नोव्हेंबर १८४९. पुढच्याच ओळीत, कॅलिफोर्निया राज्य झालं ९ सप्टेंबर १८५०. हे वाचलं की हात शिवशिवतो. राज्य व्हायच्या आधीच त्याचा गव्हर्नर कसा निवडून येईल? छापणाऱ्याची चूक असणार, असं म्हणून माणूस १८४९ चं १८५० करतो आणि धडधडीत बरोबर असलेली तारीख बिघडवून ठेवतो. मीही एकदा हे करून बसलोय, म्हणून सुरुवात इथून.

तिकडची रीतच तशी होती. आधी लोकांनी जमून राज्यघटना लिहायची, तिच्यावर मतदान घ्यायचं, बऱ्याचदा त्याच वेळी गव्हर्नरही निवडायचा आणि मग वॉशिंग्टनच्या काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, प्रवेश मागायचा. कॅलिफोर्नियात घटना आणि बर्नेट दोन्ही एकाच दिवशी मंजूर झाले. काँग्रेसमध्ये मात्र गुलामगिरीच्या वादात प्रकरण अडकलं. शेवटी मंजुरी मिळाली, तरी ती बातमी बोटीनं सॅन फ्रान्सिस्कोला पोचायला १८ ऑक्टोबर उजाडला. बर्नेटनं ९ जानेवारी १८५१ ला राजीनामा दिला. म्हणजे एकूण कारभार पावणेतेरा महिन्यांच्या आसपास, आणि त्यातले पावणेनऊ महिने राज्य कागदोपत्री नव्हतंच!

मिशिगनचं याहून लांबलं. स्टीव्हन्स मेसन ऑक्टोबर १८३५ मध्ये निवडून आला तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. टोलेडोच्या सीमेवरच्या पट्ट्यावरून शेजारच्या ओहायो राज्याशी भांडण जुंपलेलं, त्यामुळे राज्याचा दर्जा मिळाला २६ जानेवारी १८३७ ला. उलट इलिनॉयमध्ये १८१८ च्या सप्टेंबरात मतदान झालं आणि ३ डिसेंबरला प्रवेश मिळाला. तेव्हा ‘साधारण वर्षभराचं अंतर’ असा ठोकताळा बांधू नका. तक्त्यात मतदान, शपथ आणि प्रवेश असे तीन वेगळे रकाने ठेवा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरी चूक आपल्या भाषेतून येते. गव्हर्नरला ‘राज्यपाल’ लिहिलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राजभवन येतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा श्रीप्रकाश राज्यपाल होते, ते नेमलेले. कारभार यशवंतराव चव्हाणांकडे. आपल्या संविधानाच्या १९४८ च्या मसुद्यात निवडून आलेल्या राज्यपालाचा पर्याय होता, १९४९ मध्ये संविधान सभेनं तो सोडून दिला. अमेरिकी गव्हर्नर म्हणजे अधिकारानं आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. मी सरळ ‘गव्हर्नर’च लिहितो.

गंमत म्हणजे नेमलेला गव्हर्नर तिथेही होताच, राज्य होण्याआधी. ‘टेरिटरी’चा, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशाचा, गव्हर्नर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष नेमायचा. मिनेसोटाचा पहिला गव्हर्नर कोण, याची दोन उत्तरं मिळतात ती यामुळे. अलेक्झांडर रॅमसी १८४९ मध्ये नेमला गेला. १८५७ च्या निवडणुकीत हेन्री सिब्लीनं त्याला २४० मतांनी हरवलं, आणि मिनेसोटा मे १८५८ मध्ये राज्य झालं. पुढे १८५९ मध्ये रॅमसी निवडून आला, म्हणून राज्याच्या यादीत तो दुसरा. खुर्चीतला नेमलेला माणूस सहज जिंकत असेल असंही धरू नका. इंडियानात १८१६ मध्ये थॉमस पोसी जोनाथन जेनिंग्जकडून हरला. मिसुरीत १८२० मध्ये विल्यम क्लार्क हरला, होय, लुईसबरोबर शोधमोहिमेवर पॅसिफिकपर्यंत गेलेला तोच क्लार्क. लुइझियानात मात्र क्लेबोर्न टेरिटरीचाही गव्हर्नर आणि १८१२ पासून राज्याचाही.

आता ‘निवडून आला’ या शब्दांकडे बघा. कोणी निवडलं? लुइझियानात लोक मत द्यायचे, पण पहिल्या दोघांतून एकाची निवड विधिमंडळ करायचं. जुन्या तेरा राज्यांपैकी व्हर्जिनियात १८५१ पर्यंत गव्हर्नर विधिमंडळच ठरवायचं. अशा नोंदीत लोकांची मतं शोधत बसाल तर सापडणार नाहीत, कारण ती पडलेलीच नाहीत.

केंटकीचं प्रकरण तर मुळातून वाचण्यासारखं. १७९२ च्या घटनेप्रमाणे लोकांनी निर्वाचक निवडायचे आणि त्यांनी गव्हर्नर. पहिल्यांदा आयझॅक शेल्बी आला, काही अडलं नाही. १७९६ मध्ये बेंजामिन लोगनला २१ मतं पडली, जेम्स गॅरार्डला १७, थॉमस टॉडला १४ आणि जॉन ब्राउनला १. सर्वांत जास्त मतं पुरेत की निम्म्याहून जास्त हवीत, हे घटनेत लिहिलेलंच नव्हतं. निर्वाचकांनी पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घेतलं आणि गॅरार्ड जिंकला. लोगननं दाद मागितली. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनं, जॉन ब्रेकिनरिजनं, मत दिलं की दुसरी फेरी नियमाला धरून नव्हती, पण यात हात घालायचा अधिकार मला नाही. राज्याच्या सिनेटनंही, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहानं, अंग काढून घेतलं. गॅरार्ड खुर्चीत राहिला. १७९९ च्या नव्या घटनेत गव्हर्नर थेट लोकांनी निवडायचं ठरलं आणि १८०० मध्ये लोकांनी निवडला तोही गॅरार्डच. म्हणजे १७९६ च्या ओळीत फक्त २१ आणि १७ हे आकडे दिसले, तर जिंकणारा आणि हरणारा यांची अदलाबदल करू नका.

मुदतींची बेरीज जुळत नसेल तर घटनेतली मर्यादा तपासा. टेनेसीत मुदत दोन वर्षांची, आणि आठ वर्षांत सहापेक्षा जास्त वर्षं पदावर राहता येत नसे. म्हणून जॉन सेव्हियर १७९६ ते १८०१, मध्ये आर्चिबाल्ड रोन, आणि १८०३ पासून पुन्हा सेव्हियर. दोनदा आलेलं नाव खोडू नका.

ॲरिझोनाची १९१७ ची नोंद मात्र कुठल्याच रकान्यात धड बसत नाही. राज्य होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. १९१६ च्या मोजणीत टॉमस कॅम्पबेल ३० मतांनी पुढे निघाला, राज्याचा पहिला गव्हर्नर जॉर्ज हंट कोर्टात गेला. कॅम्पबेलनं जवळपास वर्षभर कारभार केला आणि २२ डिसेंबर १९१७ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हंट ४३ मतांनी जिंकला होता. माझ्या तक्त्यात त्या वर्षापुढे दोन्ही नावं आहेत, ‘विजयी’ हंटपुढे आणि ‘पदावर’ कॅम्पबेलपुढे. १९१८ च्या निवडणुकीत कॅम्पबेल पुन्हा उभा राहिला आणि जिंकला, तेव्हा त्या ओळीत एकच नाव पुरलं.