डायनामोच्या जागी अल्टरनेटर : वायरिंगमधल्या या चुका टाळा

जुन्या अँबेसेडरवरचा लुकास पद्धतीचा डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जुने यंत्र) फार तर २२ अँपिअर देतो, तेही इंजिन रेसमध्ये असताना. स्लोवर हेडलाइट लावले की बॅटरीच खर्च होते. हेच काम करणारा नव्या पद्धतीचा अल्टरनेटर हा त्यावर चांगला उपाय आहे. ब्रॅकेट आणि पुलीची लाइन कोणताही बरा फिटर जमवतो. नवा अल्टरनेटर जळतो तो वायरिंगमुळे.

आधी बॅटरी बघा. ब्रिटिश धाटणीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो, तर आजचे अल्टरनेटर मायनस अर्थचे. तसाच जोडला तर त्यातले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात उडतात. बॅटरी फिरवा, कॉइलच्या आणि अँमीटरच्या वायरींची अदलाबदल करा, जुना रेडिओ सोडवून ठेवा. सेल्फला फरक पडत नाही.

सर्वांत जास्त घोळ कटआउटच्या डब्यात (डायनामोचे चार्जिंग जोडणारा-तोडणारा जुना रेग्युलेटर) होतो. त्यावर ए, ए१, एफ, डी आणि ई अशी टर्मिनल असतात. ‘राहू दे तिथेच’ म्हणून वायरी तशाच ठेवल्या, तर डी आणि ई यांच्यामधली कॉइल बॅटरीवर येऊन रात्रभर करंट खाते. डबा दिसायला हवाच असेल तर आतून रिकामा करून फक्त जंक्शन म्हणून वापरा. जोडणी अशी:

– ए आणि ए१ वरच्या वायरी एकत्र.
– डीवरची चार्जिंग लॅम्पची बारीक वायर सोडवून एफच्या वायरला जोडा. एफचे दुसरे टोक अल्टरनेटरच्या एल (लॅम्पच्या) टर्मिनलला.
– ईवरच्या वायरी एकत्र करून बॉडीला. कापून टाकू नका, दुसऱ्या कशाचा तरी अर्थ तिथूनच गेलेला असू शकतो.

रंगांवर विसंबू नका. इतक्या वर्षांत कोणी कुठली वायर टाकली असेल याचा नेम नाही. मीटरने टोके तपासा.

डायनामोची जाड डी वायर २२ अँपिअरच्या हिशेबाची. ४५ अँपिअरचा अल्टरनेटर असेल तर बी प्लसपासून (त्याच्या मुख्य चार्जिंग टर्मिनलपासून) सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या बॅटरीच्या टोकापर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी वायर टाका, बॅटरीच्या बाजूला ६० अँपिअरचा फ्यूज द्या आणि जुन्या वायरीची दोन्ही टोके टेप करून बंद करा. यानंतर अँमीटर नुसता डिस्चार्ज दाखवेल, कारण चार्जिंग त्याच्यातून जातच नाही. त्याऐवजी व्होल्टमीटर लावा.

चार्जिंग लॅम्प नुसता शोभेचा नाही. त्यातून जाणारा करंटच अल्टरनेटरला जागवतो, म्हणजे चार्जिंग सुरू करून देतो. बल्ब २.२ वॉटचाच हवा. एलईडी टाकली तर जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. टाकायचीच असेल तर तिला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा. बल्ब वगळून एलला इग्निशनमधून थेट प्लस दिला तर रेग्युलेटर जाऊ शकतो, किंवा चावी काढल्यावरही इंजिन चालूच राहते.

आणि ती जुनी सवय: चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल उचलून ‘चार्जिंग’ तपासणे. अल्टरनेटरवर हे अजिबात करू नका. व्होल्टेज उसळून डायोड जातात. १५०० ते २००० आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. कमी आले तर हेडलाइट लावून बी प्लस आणि बॅटरीचा प्लस यांच्यातला फरक मोजा. ०.३ व्होल्टच्या वर असेल तर वायर किंवा थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) खराब. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात फरक ०.२ व्होल्टच्या वर आला, तर इंजिन-बॉडीची अर्थ पट्टी काढून घासून पुन्हा आवळा. दोन्ही ठीक असूनही व्होल्टेज पडत असेल तर बेल्ट दाबून पाहा. १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जास्त दबला तर तो घसरतोय.