पहिला गेमिंग पीसी जोडताय? पार्ट घेताना या चुका टाळा

मागच्या दिवाळीत भाचा सगळे पार्ट घेऊन आमच्याकडे आला. रॅम ऑनलाइन सेलमधली, मदरबोर्ड नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून आणलेला, कॅबिनेट मित्राचं. रॅम बसवायला गेला तर ती काही केल्या बसेना. "मामा, जरा जोर लावू?" मी आधी त्याचा हात धरला. रॅमची पट्टी स्लॉटच्या शेजारी आडवी धरून दाखवली. लांबी सारखी, पिनाही दोन्हीकडे २८८च, पण मधला काप किंचित सरकलेला. रॅम डीडीआर४ होती आणि बोर्ड डीडीआर५चा, म्हणजे रॅमच्या पुढच्या पिढीचा. जोर लावला असता तर स्लॉटच गेला असता.

दोन्ही वस्तू चांगल्याच होत्या. पण एक सेल लागला म्हणून घेतली, दुसरी दुकानात होती म्हणून. पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्यांचे पैसे बहुतेक इथेच अडकतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की एकही रुपया देण्याआधी पूर्ण यादी कागदावर लिहा. आधी प्रोसेसर, मग त्याच्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) बोर्ड, मग त्या बोर्डाची रॅम.

एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचं गणित सोपं आहे: एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. फसगत होते ती इंटेलच्या प्रोसेसरांच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत. सॉकेट एकच, एलजीए १७००, पण बी७६० सारख्या चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपचे) बोर्ड दोन्ही प्रकारच्या रॅमसाठी निघतात. दुकानात "बी७६० द्या" एवढंच म्हणू नका. खोक्यावर रॅमचा प्रकार स्वतः वाचा.

सॉकेट जुळलं म्हणजे सगळं जुळलं, असंही नाही. बी४५० चिपसेट २०१८चा, एएमडीच्या प्रोसेसरांची रायझन ५००० मालिका २०२०ची. जुन्या स्टॉकमधल्या बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, या प्रोसेसरला ओळखतच नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळीच, आणि पोरगं समजतं की प्रोसेसर जळला. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते, याची यादी असते. ती बघा आणि दुकानातूनच बायोस अपडेट करून घ्या. काही बोर्डांना मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्यावर पेन ड्राइव्हने, प्रोसेसर न बसवताही हे काम होतं.

"ग्राफिक्स कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ, तोवर असंच चालवू," हाही बेत बरेचदा फसतो. रायझन ५ ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर तिथेही नाही. अशा प्रोसेसरवर कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीही दिसणार नाही.

पॉवर सप्लायच्या बाबतीत मी फार कडक आहे. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) सप्लायची केबल दुसऱ्या सप्लायला कधीच लावू नका, कंपनी तीच असली तरी. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी किंवा बोर्ड क्षणात जळतो. ४+४ पिनांची केबल प्रोसेसरची आणि ६+२ची ग्राफिक्स कार्डाची, हेही नीट बघून लावा.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तितकाच जास्त तापतो. म्हणून समोरून बंद काच असलेलं कॅबिनेट कितीही देखणं असलं तरी सोडा, जाळीचं घ्या. प्रोसेसरचा कूलर निवडताना त्याची उंची आणि कॅबिनेटमधली जागा मिलिमीटरमध्ये ताडून बघा. १६५ मिमीचा कूलर १६० मिमीच्या जागेत गेला की बाजूची काच लागत नाही. ग्राफिक्स कार्डाची लांबीही तशीच मोजा. आणि खिडकीतल्या खसच्या कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओलाव्याबरोबर धूळ आत चिकटून बसते.

सगळं जुळूनही स्क्रीन काळीच राहिली, तर मॉनिटरची केबल बोर्डात नाही, ग्राफिक्स कार्डात आहे ना ते बघा. दोन रॅम असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसतात. अनेक बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) असं लिहिलेले बारीक दिवे असतात. जो पेटून राहिला, तिथून शोध सुरू करा.

भाच्याची ती डीडीआर४ त्याच्या मित्राच्या एएम४ मशीनमध्ये गेली आणि आम्ही डीडीआर५ आणली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पडदा बराच वेळ काळा होता. डीडीआर५चा बोर्ड पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेतो, त्याला कधी काही मिनिटंही लागतात. भाच्याचा हात बटणाकडे गेला, मी म्हटलं, "हात नको लावू, थांब." तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. मग बायोसचा पडदा उजळला आणि त्याने आधी आईला हाक मारली.